जाहिरातीत इटली, आतल्या पट्टीवर दुसराच देश: याला दिशाभूल म्हणायचे का?

प्रश्न (लोकरवेडा)

गेल्या महिन्यात मी एका संकेतस्थळावरून लोकरीचा स्वेटर मागवला. विक्रीच्या पानावर एका जुन्या गिरणीचे छायाचित्र होते, त्याखाली ‘इटालियन लोकर, पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी’ अशी ओळ होती आणि कंपनीच्या नावाशेजारी इटलीच्या ध्वजातील तीन रंगांची बारीक रेघ होती. स्वेटर हाती आला तेव्हा गळ्यामागच्या लेबलवर फक्त कंपनीचे नाव दिसले. डाव्या बाजूच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची जी छोटी पाने असतात, ती उलटत गेल्यावर शेवटच्या पानावर ‘मेड इन बांगलादेश’ असे छापलेले सापडले.

स्वेटर उत्तम विणलेला आहे, त्यामुळे ज्यांनी तो विणला त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ते हे की त्यांचा उल्लेख पूर्ण जाहिरातीत कुठेच नाही आणि श्रेय मात्र दुसऱ्याच देशाच्या खाती जमा झाले आहे. जाहिरातीतला एकही शब्द खोटा नसेल, तरी ही दिशाभूल ठरते का? आणि विकत घेण्याआधी हे ओळखायचे कसे?

प्रतिसाद १ (उभेआडवे)

कपड्याला एकच जन्मस्थान नसते, ही यातली मुख्य अडचण आहे. लोकर एका देशात कातरली जाते, दुसऱ्या देशात तिचे सूत होते, तिसऱ्या देशात ते रंगते आणि विणले जाते. इटलीतील बिएल्ला हा परिसर लोकरीच्या गिरण्यांसाठी नावाजलेला आहे, पण तिथे कातली जाणारी बरीचशी मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर ऑस्ट्रेलियातून येते. म्हणजे ‘इटालियन लोकर’ या दोन शब्दांचा अर्थ पुष्कळदा ‘इटलीत कातलेले सूत’ एवढाच असतो आणि तुमचा स्वेटर कुठे विणला याविषयी ते शब्द काहीच सांगत नाहीत.

कायदा या साखळीतला एखादाच टप्पा मोजतो. अमेरिकेच्या आयात नियमांनुसार कापड कापून शिवलेल्या कपड्याचा मूळ देश सर्वसाधारणपणे तो जिथे जोडून शिवला तो, तर थेट आकारात विणलेल्या स्वेटरचा मूळ देश तो जिथे विणला तो. त्या हिशेबाने तुमच्या आतल्या पट्टीवरची माहिती बरोबर आहे. मात्र ‘मेड इन यूएसए’ असा बिनशर्त दावा करायचा असेल, तर वस्तू ‘संपूर्ण किंवा जवळपास संपूर्ण’ तिथलीच असावी लागते. हा निकष २०२१ मध्ये स्वतंत्र नियम म्हणून लागू झाला आणि तो मोडल्यास दंड आकारता येतो. इटलीने २००९ च्या कायद्यात ‘१०० टक्के मेड इन इटली’ या शब्दांसाठी रेखाटन, आखणी, प्रक्रिया आणि वेष्टन हे सर्व इटलीतच व्हायला हवे अशी अट घातली. युरोपीय संघात कपड्यावर तंतूंचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे, मूळ देश छापणे मात्र संघाच्या पातळीवर सक्तीचे नाही. तरीही २००५ च्या अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या निर्देशानुसार वस्तूच्या भौगोलिक उगमाबाबत फसवी समजूत करून देणे बेकायदेशीर आहे, आणि माहिती खरी असली तरी तिच्या मांडणीमुळे फसगत होत असेल तर तेही त्यात येते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे असे मला वाटते. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत बसते, आणि अशा प्रकरणात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

प्रतिसाद २ (शेवटचीटीप)

मी तयार कपड्यांच्या तपासणीत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून मुद्दा जरा जवळून सांगते. उगमाच्या बाबतीत दोन वेगळे प्रकार चालतात आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिला प्रकार उघड खोटेपणाचा, म्हणजे लेबल बदलण्याचा. आयात केलेल्या टी-शर्टची मूळ पट्टी कापायची आणि गळ्याच्या आत नवा देश छापायचा. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारातील फसवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) चीनमधून व अन्य देशांतून आलेल्या टी-शर्टवर ‘मेड इन यूएसए’ असे लावणाऱ्या एका कंपनीला २,११,३३५ डॉलर भरायला लावले. असा कपडा हातात आला की गळ्यामागची शिवण उजेडात धरून पाहावी. पट्टी कापली असेल तर तिच्या कापडाची दोन-तीन मिलिमीटरची कड टिपेत अडकून राहिलेली दिसते. ती उसवून काढली असेल तर सुईच्या जुन्या छिद्रांची रांग राहते आणि नव्या टिपेचा धागा शेजारच्या शिवणीशी रंगात किंवा टाक्यांच्या अंतरात जुळत नाही. या खुणा असल्या म्हणजे फसवणूक झालीच असे नाही, कारण शिल्लक माल रीतसर दुसऱ्या नावाने विकतानाही पट्टी काढली जाते. पण प्रश्न विचारायला तेवढे कारण पुरते.

दुसरा प्रकार तुमच्या स्वेटरचा. इथे पट्टी खरी असते आणि जाहिरात तिच्याकडे पाठ फिरवून उभी असते. याची गुरुकिल्ली क्रियापदात आहे. ‘इटलीत रेखाटलेले’, ‘इटलीची प्रेरणा’, ‘इटलीत अंतिम रूप दिलेले’ हे वाचले की मी लगेच शोधते ते न सांगितलेले क्रियापद: विणले कुठे आणि शिवले कुठे? ‘इटालियन कारागिरी’सारख्या शब्दांत तर क्रियापदच नसते, आणि ते वगळण्यामागे सहसा कारण असते. कारखान्यातली सर्वात जास्त माणसे शिलाईच्या ओळीत बसलेली असतात. तोच टप्पा जाहिरातीतून नाहीसा होतो, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

पट्टीचे ठिकाणही पाहावे. अमेरिकेत गळा असलेल्या कपड्यावर मूळ देश गळ्याच्या आत, दोन्ही खांद्यांच्या शिवणींच्या मधोमध दिसलाच पाहिजे असा नियम आहे. तुमच्या स्वेटरवर तीच जागा फक्त कंपनीच्या नावाला दिली गेली.

प्रतिसाद ३ (कातीव)

वरच्या दोघांशी सहमत आहे; फक्त नावांविषयी थोडी भर घालतो. कापडाच्या नावात गाव किंवा प्रदेश आला म्हणजे माल तिथलाच असे होत नाही. काश्मीरच्या नावावरून जगभर जो ‘कॅशमियर’ शब्द रूढ झाला, तो आज काही जातींच्या शेळ्यांच्या मऊ केसांचे नाव आहे आणि त्याचे सर्वाधिक उत्पादन चीन व मंगोलियात होते. याउलट काही नावांना कायद्याचा आधार आहे. ब्रिटनमधील १९९३ च्या कायद्यानुसार ‘हॅरिस ट्वीड’ हे लोकरी कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले असावे लागते आणि लोकर रंगवणे, कातणे व कापडावरची अखेरची प्रक्रिया हेही तिथेच व्हावे लागते. पण लोकर त्याच बेटांवरच्या मेंढ्यांची असावी अशी अट त्यात नाही, आणि त्या कापडाचा कोट कुठेही शिवलेला असू शकतो! म्हणून कोटाच्या आत कापडाची एक आणि कोटाची एक अशा दोन पट्ट्या असतील तर दोन्ही वाचाव्यात.

लोकरवेडा (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मी कंपनीला तीनच प्रश्न लिहून पाठवले: सूत कुठे कातले, स्वेटर कुठे विणला आणि छायाचित्रातील गिरणीत यातले नेमके काय झाले? उत्तर आले की सूत इटलीत कातले आहे, विणकाम व जोडणी बांगलादेशात झाली आहे आणि छायाचित्र ‘प्रातिनिधिक’ आहे. विक्रीच्या पानावर हीच माहिती त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावी असे मी पुन्हा कळवले आहे. पंधरा दिवसांत पान बदलले नाही, तर त्याच्या प्रती आणि हे उत्तर जोडून मी ग्राहक प्राधिकरणाकडे तक्रार करणार आहे. स्वेटर मात्र परत करणार नाही.