नावे काढून टाकलेली माहिती खरोखर निनावी उरते का?

कुतूहल

वापरकर्त्यांची ठिकाणे नोंदवणाऱ्या ॲपविषयीच्या बातम्यांमध्ये कंपन्यांचा एक खुलासा हमखास वाचायला मिळतो, तो असा की आम्ही ही माहिती इतरांना देतो खरी, पण केवळ निनावी स्वरूपात देतो. म्हणजे नाव, फोन नंबर आणि ईमेल काढून टाकायचे, त्यांच्या जागी एखादा निरर्थक क्रमांक ठेवायचा आणि मग ती फाइल जाहिरातदारांना किंवा संशोधकांना द्यायची. अशी माहितीसुद्धा धोकादायक असते असे टीकाकार सांगतात, परंतु ती नेमकी कशी, हे मला उलगडलेले नाही. लाखो ओळींच्या तक्त्यात 'क्रमांक ४८२७१ ही व्यक्ती अमुक वेळी अमुक ठिकाणी होती' एवढेच लिहिले असेल, तर त्यावरून ती व्यक्ती मीच आहे हे कोणाला कसे कळणार? शिवाय धोका खरा मानला, तर रोगांच्या साथींचा किंवा वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांनी माहिती आणायची कुठून, हाही प्रश्न उरतोच.

अधोरेखित

त्या तक्त्यातून काय काढून टाकले, यापेक्षा तो ज्याच्या हाती पडतो त्याच्याकडे दुसरे कोणते तक्ते आहेत, हे पाहायला हवे. या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण १९९०च्या दशकातले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका विमा आयोगाने राज्य कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे आणि पत्ते वगळून संशोधनासाठी खुल्या केल्या, मात्र त्यांत जन्मतारीख, लिंग आणि पिन कोडसारखा टपाल विभागाचा क्रमांक तसाच राहू दिला. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी २० डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. तिच्यात हेच तीन तपशील नावांसह होते. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहाच जण त्या यादीत होते, त्यांपैकी पुरुष तीन, आणि त्यांच्या टपाल विभागात राहणारा एकच. गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशा रीतीने हाती लागल्या. दोन्हींपैकी कोणत्याही यादीत एकटीने पाहिले असता आक्षेप घेण्याजोगे फारसे काही नव्हते.

आता आपल्या क्रमांक ४८२७१ विषयी. हा क्रमांक निरर्थक असला तरी तो एक महत्त्वाचे काम करतो : एकाच माणसाच्या सगळ्या नोंदी तो एका दोरीत ओवून ठेवतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी इंटरनेटवरील शोध अशाच क्रमांकांखाली प्रसिद्ध केले. एकेक शोध निरुपद्रवी होता, पण एका क्रमांकाखालचे सगळे शोध सलग वाचल्यावर गाव, आडनाव, आजार आणि चिंता यांचे चित्र उभे राहिले, आणि काही दिवसांतच एका वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी एका क्रमांकामागची महिला शोधून काढली. कंपनीने फाइल मागे घेतली खरी, पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पोहोचल्या होत्या.

ठिकाणांच्या नोंदी तर याहूनही बोलक्या असतात. रात्री फोन जिथे स्थिर असतो ते घर आणि दिवसा जिथे असतो ते कामाचे ठिकाण, एवढी जोडीसुद्धा बहुतेकांच्या बाबतीत फार थोड्या जणांवर येऊन ठेपते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांत वेळ तासापुरती आणि जागा जवळच्या मनोऱ्यापुरतीच ढोबळपणे ठाऊक होती, तरीही एखाद्याच्या हालचालींतले कोणतेही चार बिंदू माहीत असले की ९५ टक्के लोकांची नोंद इतर सगळ्यांपासून वेगळी काढता येत होती. नोंदी आणखी ढोबळ केल्याने हे वेगळेपण कमी होते, पण फार हळूहळू. आपल्याला गर्दीचे संरक्षण वाटते ते एखाद्या क्षणापुरते खरे आहे, मात्र आज इथे, उद्या तिथे आणि परवा आणखी कुठे, अशा क्रमाने चालणारी गर्दी अस्तित्वात नसते.

जाता जाता, क्रमांक देणाऱ्यांना तो निरर्थक करणेही नेहमी जमते असे नाही. न्यूयॉर्कमधील टॅक्सींच्या २०१३ सालच्या सुमारे १७ कोटी ३० लाख फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये बाहेर आली, तेव्हा परवाना क्रमांकांवर एमडी५ ही गणिती प्रक्रिया करून ते झाकले होते. पण त्या क्रमांकांचा साचा ठरलेला असल्याने शक्य तेवढे सगळे क्रमांक दोन-अडीच कोटींच्या घरातच होते. संगणकाकडून ते सगळे एकदा त्याच प्रक्रियेतून काढून घेतले की उलटा तक्ता तयार होतो, आणि तो काही तासांत तयार झालाही.

साशंक

वरील उदाहरणे खरी आहेत, परंतु ती नेहमी याच क्रमाने आणि याच सुरात सांगितली जातात, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. वेल्ड हे साधे नागरिक नव्हते. १९९६ मध्ये ते एका जाहीर समारंभात कोसळले होते, त्याची बातमी झाली होती आणि कोणत्या दिवसाची नोंद शोधायची हे त्यामुळे आधीच ठाऊक होते. डॅनियल बार्थ-जोन्स या संशोधकांनी २०१२ मध्ये हे प्रकरण नव्याने तपासले आणि मतदारयादीत शहरातले सगळे रहिवासी नसल्यामुळे निव्वळ यादीवरून ओळख पक्की म्हणता आली नसती, असे दाखवले. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभाग यांवरून ८७ टक्के अमेरिकी नागरिक एकमेव ठरतात, हा स्वीनी यांचा आकडाही सर्वत्र उद्धृत होतो, पण फिलिप गोल यांनी २००० च्या जनगणनेवर तोच हिशोब केला, तेव्हा तो ६३ टक्के आला. हेही थोडे नाही, हे मान्य, तरी दोन आकड्यांतले अंतर बरेच काही सांगते.

माझा मुख्य आक्षेप असा की 'तक्त्यात एकमेव असणे' आणि 'ओळखले जाणे' या दोन पायऱ्या सरसकट एकच धरल्या जातात. चार बिंदूंवरून माझी ओळ वेगळी निघेलही, पण ते चार बिंदू माझ्या नावासह कोणाकडे तरी असावे लागतात. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धेसाठी खुल्या केलेल्या, प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेल्या सुमारे १० कोटी मानांकनांचे उदाहरण पाहावे. नारायणन आणि श्माटिकोव्ह या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की आठ चित्रपटांची मानांकने आणि त्यांच्या साधारण तारखा माहीत असल्या, त्यांतील दोन चुकीच्या असल्या तरीही, ९९ टक्के नोंदी वेगळ्या काढता येतात. प्रत्यक्षात आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावरील नावांशी जुळवलेली माणसे मात्र अगदी एक-दोन होती. गव्हर्नर आणि एक-दोन चित्रपटरसिक यांच्या भीतीने रुग्णालयांच्या नोंदी कुलूपबंद करायच्या असतील, तर त्यापायी न झालेल्या संशोधनाची किंमतही कोणीतरी मोजतच असते.

अधोरेखित

गोल यांचा आकडा आणि दोन पायऱ्यांमधला फरक, दोन्ही मला मान्य आहेत. पण दुसरी पायरी अवघड आहे असे मानताना आपण अनोळखी हल्लेखोर गृहीत धरत आहात. प्रत्यक्षात शोधणारा बहुधा ओळखीचाच असतो, म्हणजे माजी जोडीदार, मालक, नातेवाईक, आणि त्याला आपले चार बिंदू शोधावे लागत नाहीत, ते त्याला आधीच पाठ असतात. त्याला सगळ्या १५ लाखांत रस नसतो, एकाच ओळीत असतो. शिवाय एकदा बाहेर गेलेला तक्ता परत घेता येत नाही, आणि त्याच्याशी जोडता येण्याजोगे इतर तक्ते मात्र दरवर्षी वाढतच जातात, त्यामुळे आजचा हिशोब दहा वर्षांनी लागू पडेलच असे नाही. संशोधनासाठी नोंदी देण्याला माझा विरोध नाही. करारबद्ध संशोधकाला बंदिस्त संगणकावर नोंदी पाहू देणे आणि तीच फाइल वाटेल त्याला विकणे, या दोहोंसाठी 'निनावी' हे एकच विशेषण पुढे केले जाते, त्याला आहे.

कुतूहल

दोघांचेही आभार. मग व्यक्तिगत ओळी देण्याऐवजी केवळ बेरजा आणि सरासऱ्या प्रसिद्ध केल्या, तर हा सगळा वाद मिटत नाही का?

शून्यशेष

पूर्णपणे मिटत नाही. स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व वापरकर्त्यांच्या धावण्या-फिरण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात व्यक्तिगत ओळ एकही नव्हती. पण जिथे ते ॲप वापरणारे जवळपास सैनिकच होते, अशा निर्जन भागांत लष्करी तळांच्या आतल्या वाटा अंधारात उजळून दिसू लागल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये ते जगाच्या लक्षात आले. बेरजांच्या बाबतीत दुसरी अडचण वजाबाकीची आहे : एखादी व्यक्ती येण्यापूर्वीची आणि आल्यानंतरची बेरीज उपलब्ध असेल, तर फरक म्हणजे त्या व्यक्तीचाच आकडा.

यावरचा उपाय संख्याशास्त्रात जुना आहे. लोक ज्याचे खरे उत्तर द्यायला कचरतात अशा प्रश्नांसाठी स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यदृच्छेचा आधार घेणारी पद्धत मांडली. तिचे आज शिकवले जाणारे सोपे रूप असे : प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवायचे, छापा आला तर खरे उत्तर द्यायचे, काटा आला तर पुन्हा उडवून छाप्याला 'हो' आणि काट्याला 'नाही' म्हणायचे. समजा, १००० जणांपैकी ३५० जणांनी 'हो' म्हटले. सुमारे ५०० जणांनी नाण्याच्या हुकमाने उत्तर दिले असणार आणि त्यांतले २५० 'हो' नाण्याचे आहेत. उरलेले १०० 'हो' खरे उत्तर देणाऱ्या ५०० जणांतले, म्हणजे प्रमाण २० टक्के. समूहाचे प्रमाण जवळपास बरोबर कळले, पण कोणत्याही एका 'हो'वर बोट ठेवून 'हे तुझे खरे उत्तर' असे म्हणता येत नाही. हल्लेखोराकडे जगातले बाकी सगळे तक्ते असले तरी म्हणता येत नाही, आणि निव्वळ नावे खोडण्यात नेमके हेच साधत नाही.

ड्वोर्क, मॅकशेरी, निसिम आणि स्मिथ या संशोधकांनी २००६ मध्ये याच विचाराला नेमकी गणिती व्याख्या दिली. तिला 'डिफरन्शियल प्रायव्हसी' म्हणतात. एखादी व्यक्ती तक्त्यात असली काय किंवा नसली काय, प्रसिद्ध होणाऱ्या उत्तरांची संभाव्यता ठरावीक मर्यादेपलीकडे बदलता कामा नये, हा तिचा गाभा. ती मर्यादा एप्सिलॉन या अक्षराने दाखवतात. तो आकडा लहान ठेवला तर गोंगाट, म्हणजे नाण्यासारखा यदृच्छेने केलेला फेरफार, जास्त मिसळावा लागतो आणि उत्तर धूसर होते, मोठा ठेवला तर उत्तर नेमके येते पण संरक्षण पातळ होते. त्याच माहितीला जितके प्रश्न विचारावेत तितका एप्सिलॉनचा हा ठरलेला साठा खर्च होत जातो. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली, तेव्हा लहान वस्त्यांचे आकडे बिघडतात अशी तक्रार झाली आणि अलाबामा राज्याने त्यावर दावाही लावला होता. साशंक यांचा किमतीचा मुद्दा इथे चपखल बसतो, फक्त इथे किंमत किती ते आकड्यात लिहून दाखवावे लागते. म्हणूनच एखादी कंपनी या पद्धतीचे नाव घेऊन एप्सिलॉनचा आकडा सांगत नसेल, तर तिच्या दाव्याला मी फारसे वजन देत नाही.

तळटीप

चर्चेत कायद्याचा उल्लेख राहिला आहे, म्हणून थोडक्यात जोडतो. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या नियमावलीच्या दृष्टीने, नावाऐवजी क्रमांक घातलेली माहिती जर अन्य माहितीच्या साहाय्याने पुन्हा व्यक्तीशी जोडता येत असेल, तर ती व्यक्तिगत माहितीच ठरते. कुतूहल यांनी वर्णन केलेली फाइल त्या नियमांखाली निनावी म्हणवून घेऊ शकणार नाही.

वापरकर्त्याच्या हाती फार काही नसले तरी दोन गोष्टी आहेत. क्रमांक ४८२७१ बहुतेक वेळा फोनचा जाहिरात क्रमांक असतो. तो अँड्रॉइडच्या सेटिंगमधून पुसून टाकता येतो, आणि आयफोनवर २०२१ पासून ॲपला तो मिळवण्यापूर्वी परवानगी विचारावी लागते. तसेच दोन्ही प्रणालींच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ॲपला नेमक्या ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याची सोय आहे. हवामान सांगणाऱ्या ॲपला ते पुरते, रस्ता दाखवणाऱ्या ॲपला पुरत नाही. वर आलेला ढोबळ नोंदींचा निष्कर्ष पाहता अंदाजे ठिकाणाची सोय एकटी पुरेशी नाही. नोंदींना बांधणारी दोरी तुटते ती जाहिरात क्रमांक पुसल्याने, आणि तीही संबंधित ॲपमध्ये तुम्ही स्वतःच्या नावाने खाते उघडलेले नसेल तरच.