टीकॅसच्या पडद्यावर वळण्याची दिशा का दाखवत नाहीत?

प्रश्न (विद्यार्थिनी, पवई)
अभ्यासाचा भाग म्हणून मी टीकॅसच्या, म्हणजे हवेत विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेच्या, वैमानिकाला आसपासची विमाने दाखवणाऱ्या पडद्याचा आराखडा करीत आहे. धोक्याचे विमान जवळ आले की त्यात डावीकडे किंवा उजवीकडे वळण्याचा बाण उमटतो. मार्गदर्शकांनी तो काढायला सांगितले. दुसऱ्या विमानाची दिशा पडद्यावर दिसत असताना वळण्याचा सल्ला का देऊ नये?

उत्तर (निवृत्त वैमानिक, विलेपार्ले)
तुमच्या मार्गदर्शकांचे बरोबर आहे. टीकॅस-२ अंतर मोजते ते आपल्या संकेताला समोरच्या विमानाचे उत्तर परत यायला लागलेल्या वेळावरून, आणि उंची ते समोरचे विमान स्वतःच कळवते, म्हणून या दोन्हींवर विसंबता येते. दिशा मात्र अँटेनावरून अंदाजलेली असते आणि तेवढ्या भरवशावर विमान वळवता येत नाही. शिवाय आपले विमानही पुढे जात असल्याने ठिपका पडद्यावर जसा सरकतो तसा त्या विमानाचा खरा मार्ग नसतो. म्हणूनच आदेश फक्त वर जाण्याचा, खाली येण्याचा किंवा उंची राखण्याचा असतो.

उत्तर (आरेखक, दादर)
पडद्यावरची चिन्हे शोधाशोध करण्यासाठी आहेत, म्हणजे वैमानिकाने खिडकीबाहेर नेमके कुठे पाहायचे ते कळावे यासाठी. पोकळ चौकट (पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार), मग भरीव चौकट, पिवळसर वर्तुळ आणि शेवटी लाल चौरस, असा आकार आणि रंग दोन्ही बदलतो, ते मला फार मोलाचे वाटते, कारण घाईत एक निसटले तरी दुसरे उरते. आदेश मात्र ऊर्ध्व वेगाच्या, म्हणजे वर-खाली जाण्याच्या वेगाच्या, मापकावर येतो: लाल पट्टा टाळायचा, काटा हिरव्यात न्यायचा. पहिल्या आदेशाला सुमारे ५ सेकंदांत प्रतिसाद अपेक्षित असतो. तेवढ्यात नकाशा वाचून निर्णय घेणे शक्य नाही.

२००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेनजवळ दोन विमानांची टक्कर होऊन ७१ माणसे गेली, तेव्हा एका विमानाला टीकॅस वर जायला सांगत होते आणि जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक खाली यायला. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. चरखी दादरीची १९९६ ची टक्कर, ३४९ मृत्यू, आपल्याकडे अजून कोणी विसरलेले नाही. त्यानंतर भारतात हे यंत्र सक्तीचे झाले.

प्रश्नकर्ती
बाण काढला. उंचीतला फरक दाखवणारी संख्या चिन्हाच्या कोणत्या बाजूला ठेवू?

उत्तर (निवृत्त वैमानिक, विलेपार्ले)
विमान वर असेल तर चिन्हाच्या वर, अधिकचिन्हासह. खाली असेल तर खाली, उणेचिन्हासह. संख्या शंभर फुटांच्या पटीत लिहा.