भंगार अंतराळपट पाहाले इतकी मजा काऊन येते?

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

भाऊ लोकं, प्रश्न सिरियस हाय, हसू नका. मले ते नावाजलेले सायन्स फिक्शन पिक्चर झेपत नाही, म्हणजे समजते पण मजा येत नाही, मधातच डोळा लागते. पण चंदेरी पन्नीचे कपडे घातलेले एलियन, दोरीले लटकून चाललेलं रॉकेट, त्याच्या बुडातून अगरबत्तीसारखा वर वर जाणारा धूर (अंतराळात वर कुठं असते बे?) असं काही लागलं की मी जागचा हलत नाही. परवा १९८० चा फ्लॅश गॉर्डन पुन्हा पाह्यला, सकाळी फवारणी होती तरी. त्यातला हिरो अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, दुसऱ्या ग्रहाच्या बादशहाच्या भर दरबारात त्याले शिपाई घेरतात अन् हा पठ्ठ्या काय करते, तर एक धातूचा अंड्यासारखा गोळा बगलेत दाबते अन् एकेकाले खांद्यानं पाडत पळत सुटते. हिरोईन बाजूला उभी राहून ओरडून राहिली, जशी काही मॅचच चालू हाय. वरून क्वीन बँडचं म्युझिक. बायको आली, दोन मिनिटं पाह्यलं, म्हणे "काय भैताडपण हाय हे" अन् गेली, मंग पाणी प्यायच्या निमित्तानं परत आली ते बसलीच.

तर आपण हे नुसती टर उडवाले पाहतो का त्यात खरंच काही दम असते? अन् असेच अजून सांगा, झड लागली की पाहीन.

संत्राबाग

दम बिम काही नाही, गर्दीची मजा हाय ती. बहिरमच्या जत्रेत तंबू टॉकीज यायच्या, तिथं आमी दारासिंगचा चांद पर चढाई पाह्यला होता, तवाही तो जुनाच होता, रिळावर इतक्या रेघा की चंद्रावर पाऊस पडून राहिला असं वाटे. दारासिंग एवढा चंद्रावर जाते अन् तिथं जाऊन काय करते, तर कुस्ती! पिक्चर १९६७ चा, म्हणजे आर्मस्ट्राँग उतराच्या दोन वर्ष आधीचा, तर कोण सांगणार होतं का असं नसते म्हणून. तंबूतले पोट्टे ओरडत, "धोबीपछाड मार, धोबीपछाड!" मधात रीळ तुटलं की शिट्ट्या, अन् जोडून पुन्हा चालू झालं की त्याहून जास्त शिट्ट्या. असा पिक्चर मी आत्ता मोबाईलवर एकट्यानं लावला तर अर्धा पण जात नाही. तुमच्या घरी वहिनी येऊन बसल्या म्हणून तुमाले मजा आली, लिहून घ्या.

मास्तरीण_पुसद

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण तक्रार विज्ञानाची नाही, आवाज अंतराळात ऐकू येवो न येवो, चालतंय. मला हे "भंगार म्हणून भारी" प्रकरणच जरा खटकतं. १९८२ चा तो तुर्की पिक्चर नेटवर सगळे हसायला शेअर करतात ना, ज्यात स्टार वॉर्सचे तुकडे न विचारता सरळ चिकटवलेत, हिरो हेल्मेट घालून बसलाय अन् त्याच्या पाठीमागे पडद्यावर दुसऱ्याच्याच पिक्चरमधली यानं उडताहेत, संगीतही ढापलेलं. मग तो पायाला धोंडे बांधून उड्या मारायची प्रॅक्टिस करतो. हसू येतं, नाही म्हणत नाही. पण त्यांच्याकडे पैसा नव्हता, ट्रिक फोटोग्राफीची साधनं नव्हती, तरी त्यांना अंतराळाचा पिक्चर काढायचाच होता. आपल्या गावच्या गॅदरिंगचा व्हिडिओ घेऊन कोणी मोठ्या शहरातली पोरं असे दात काढू लागली तर आपल्याला चालेल का?

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

ताई मुद्दा बरोबर हाय पण फ्लॅश गॉर्डनले हे लागू होत नाही ना. त्याचा निर्माता डिनो दे लॉरेंटिस, त्यानं पैसा पाण्यासारखा ओतला, दरबार पाहा, नुसता लाल अन् सोनेरी, आपल्याकडचं लग्नाचं डेकोरेशन फिकं पडते. अन् गंमत म्हणजे फ्लॅश गॉर्डन ही मुळात जुन्या कॉमिक्सची गोष्ट, दिग्दर्शक जॉर्ज लुकासले आधी तोच काढायचा होता, हक्क भेटले नाही म्हणून त्यानं स्वतःची गोष्ट रचली, ती म्हणजे १९७७ चा स्टार वॉर्स. म्हणजे ज्याच्यावरून सगळं सुरू झालं तोच मागून आला अन् असा आला. पैसा असूनही हा पिक्चर भैताड हाय, तर मंग गरिबी कुठून आली मधात?

लाईटवाला_वडसा

मी झाडीपट्टीत नाटकाले लाईट मारतो, दिवाळी झाली, धान निघालं की आमचा सीझन, रात्री दहाले पडदा उघडला की पहाट होते. म्हणून थोडं सांगतो जी, रागावू नका.

एका नाटकात आमाले उडती तबकडी पाहिजे होती. दोन प्लास्टिकचे टोपले तोंडाले तोंड लावून तारेनं आवळले, बाहेरून चंदेरी पन्नी, मधातल्या फटीत मोटरसायकलवाले लावतात ती एलईडीची पट्टी, अन् वर बांबूवर पुली. दोरी पांढरी होती, लाईटमधी झळके, म्हणून काजळी फासली तरी दिसेच. पब्लिकले दिसत नव्हती असं समजू नका, समोर चटईवर बसलेल्या म्हाताऱ्यालेही दिसे. पण तबकडी खाली आली अन् नट खरंच घाबरला, मागं सरकला, पाय लटपटले, तर पब्लिक दोरी विसरते. एका गावात तोच नट टोपले पाहून फस्सकन हसला. झालं! दोरी ओढा, टोपले उतरवा, भाजी आणा, सकाळपर्यंत तेच चालू, पुढचा रडण्याचा सीन होता त्यातही लोक हसले.

तर मले वाटते ताई, लोक गरिबीवर नाही हसत. अन् संत्राबाग भाऊ, गर्दी पण नुसती पुरत नाही, कारण त्या दिवशी गर्दी तीच होती. नटानं मनापासून करावं लागते, बस. तो १९८० चा हिरो अंड्याचा गोळा घेऊन पळते तवा त्याच्या तोंडावर पाहा, त्याले ते काम वाटते, जोक नाही वाटत. म्हणून तर २०१३ चा तो वावटळीतून शार्क उडणारा पिक्चर मले दहा मिनिटाच्या वर पाहवला नाही, त्यातले सगळे आधीच डोळा मारून राहिले का पाहा आमी कसं भंगार केलं. जाणूनबुजून भंगार करणाऱ्याचं भंगार पाहाले मी काऊन जागू?

रिकामा_बसलेला

लाईटवाले दादा 👏👏 एक नंबर. मंग तुमी एड वूड नावाच्या दिग्दर्शकाचा प्लॅन नाईन फ्रॉम आऊटर स्पेस पाहाच. बेला लुगोसी, ड्रॅक्युला झालेला नट, त्याचं थोडंसं शूटिंग झालेलं होतं अन् तो १९५६ ले वारला. दुसरा कोणी असता तर डब्यात टाकलं असतं. या वूडनं तेच तुकडे ठेवून बाकी सीनले आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरले उभं केलं, म्हणजे हाडं बसवणाऱ्या डॉक्टरले, अन् तोंड दिसू नये म्हणून तो पूर्ण पिक्चर काळा झगा तोंडापुढं धरून फिरते! उंचीही जुळत नाही. पुढं १९८० च्या एका पुस्तकात त्याले आजवरचा सगळ्यात वाईट पिक्चर ठरवलं अन् तवापासून लोक शोधू शोधू पाहून राहिले. तबकड्या त्यातही दोरीवरच हाय दादा, तुमची काजळीवाली बरी.

मास्तरीण_पुसद

लाईटवाले दादा, टोपल्यांचं पटलं. तुर्की पिक्चरबद्दल मात्र माझं मत तेच, कारण तिथे नट मनापासूनच करतोय अन् तरी लोक त्याच्यावरच हसताहेत, दोरी कोणी विसरत नाहीये. झगेवाला पाहीन या रविवारी.

संत्राबाग

पाहा पाहा, पण कोणाले तरी सोबत बसवा ताई. अन् हे सगळे हिंदीत डब भेटतात का रे कुठं? खालचं वाचून होईपर्यंत एलियन निघून जाते.