व्हिडिओ अ‍ॅनोटेशनसाठी सीव्हॅट सोर्सवरून बिल्ड करावे का?

पाणकोंबडी: घरट्यासमोर लावलेल्या कॅमेऱ्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. कोणता पक्षी कधी आला, किती वेळ बसला, हे टिपायचे आहे. मदतीला येणाऱ्यांना मेनू मराठीत हवेत, म्हणून सीव्हॅट (व्हिडिओवर खुणा-नोंदी करायचे मुक्त सॉफ्टवेअर) सोर्सवरून बिल्ड करायच्या, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः तयार करायच्या विचारात आहे. लॅपटॉप ८ जीबीचा, ग्राफिक्स कार्ड नाही, खर्च शून्य. कुणी केलंय का?

लोहार: ८ जीबीत काही होत नसतं. मी ३२ जीबी आणि तगडं कार्ड घेतलं, आता एआय मॉडेलच व्हिडिओत चौकटी पाडतं. एकदाच काय ते घेऊन टाका.

टिचकी: लोहार, खर्च शून्य लिहिलंय त्यांनी!
नुसतं चालवायला बिल्ड लागत नाही. तयार इमेज (सगळं आत भरलेलं पॅकेज) घ्या, डॉकर कंपोज या इमेज चालवायच्या टूलने सुरू करा, ब्राउझरात ८०८० पोर्टवर उघडेल. सुपरयूझर (अ‍ॅडमिन खातं) मात्र स्वतः तयार करावा लागतो. मेनू यूआयच्या (पडद्यावर दिसणाऱ्या भागाच्या) कोडात आहेत, तेव्हा बदल केलात तर यूआयचीच इमेज बिल्ड करा. मागे चालणाऱ्या जँगोच्या (पायथनमधलं फ्रेमवर्क) सर्व्हरला हात लावू नका.

सांजवात: ३२ जीबीला +१.

बोरू: वेळाच टिपायच्या तर सीव्हॅट कशाला? मी वर्षानुवर्षं एलान हे नोंदी करायचं सॉफ्टवेअर वापरतोय. नाइमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेचं आहे, फुकट आहे, जीपीएल परवान्याचं आहे. म्हणजे खरं मुक्त, सीव्हॅटसारखं एमआयटी नाही.

तिरकस: एमआयटीही मुक्तच परवाना आहे, बोरूशेठ. आणि ते एलान नवख्याला दाखवा, पळून जाईल. ऑक्सफर्डचं व्हीआयए हे अ‍ॅनोटेशन टूल घ्या. एकच एचटीएमएल फाइल, इन्स्टॉल काही नाही, नेट नसलं तरी चालतं.

बोरू: माझ्याकडून शिकलेलं कुणी पळालं नाही अजून.

घटिका: टूलवरून भांडण्याआधी व्हिडिओ तपासा. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बदलता असेल तर फ्रेम क्रमांकावरून काढलेली वेळ चुकते. आमच्या गटाचं सगळं काम असंच पुन्हा करावं लागलं, आणि बोलणी मी खाल्ली. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या टूलने फ्रेमरेट स्थिर करा, एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये काढा. एच.२६५ सगळ्या ब्राउझरांत चालत नाही. मूळ फाइली पुसू नका.

सांजवात: फ्रेमरेट स्थिर करून घ्या, हे महत्त्वाचं.

घटिका: तेच लिहिलंय वर.

पाणकोंबडी: सगळ्यांचे आभार. व्हीआयए छान चालले. तरीही सीव्हॅटच घेते आहे. पुढे पिलांभोवती चौकटी काढायच्या आहेत, आणि ट्रॅकमध्ये मोजक्या फ्रेमवर चौकट ओढली की मधल्या आपोआप भरतात. फ्रेमरेट स्थिर करून घेतला. यूआयचा बिल्ड मात्र मेमरी संपून मध्येच मरतोय.

टिचकी: स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवा, बिल्ड होईतो ब्राउझर बंद ठेवा. सर्व्हरची इमेज आणि तुमचा सोर्स एकाच आवृत्तीचे असू द्या, नाहीतर पान उघडेल आणि आत भलतेच एरर येतील.

लोहार: स्वॅपवर रडतखडत चालेल. रॅम घ्या.

तिरकस: अवांतर: घरटं कुणाचं? फोटो टाका की.