मदत हवी आहे: घरून शिकवणाऱ्या शिक्षकांचं समाधान मोजायचं कसं?

पाया म्हणून मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांची नोकरीतलं समाधान मोजणारी १९८५ची प्रश्नावली घेतली आहे: ३६ विधानं, ९ पैलू, प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण. (नकारार्थी विधानांचे गुण ७मधून वजा करायचे, हे विसरलं की बेरीजच फसते.)

अडचण अशी, की पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी सगळं तिच्यात आहे. पण बंद कॅमेऱ्यांसमोर बोलत राहणं, रात्री येणारे पालकांचे मेसेज, मध्येच तुटणारं नेट यांना जागाच नाही. त्यासाठी ४ विधानं मूळ यादीत मिसळली, तर ३६ ते २१६ ही गुणमर्यादा बदलते आणि आधीच्या निकालांशी तुलना संपते. वेगळा दहावा गट ठेवून त्याचे गुण स्वतंत्र मांडले तर चालेल का? आणि ४ विधानं पुरतील, की जास्त लागतील?