आई मॉर्फिनची गोळी घेत नाही, बायबलमधलं मार्क १५:२३ दाखवते

मोहननगरवाली:
आई ७१ वर्षांची. कर्करोग हाडांत गेलाय. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी दिली आहे. परवा तिच्या चष्म्याच्या डब्यात सहा गोळ्या सापडल्या. माझ्यासमोर तोंडात टाकायची, मी कूलरमध्ये पाणी भरायला गेले की काढून ठेवायची. विचारलं तर म्हणाली, "मार्क पंधरा तेवीस काढ." मार्कच्या शुभवर्तमानातलं (येशूच्या चरित्रातलं) ते वचन: वधस्तंभावर देताना बोळ (कडू डिंक, दुखणं बधिर व्हावं म्हणून देत असं मानतात) मिसळलेला द्राक्षारस येशूला देऊ केला, त्याने तो घेतला नाही. "त्यानं शुद्धीवर राहून सोसलं, मंग मी काहून गुंगीत राहू?"

बाईने चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं आहे, वचनांत मी तिला काय हरवणार! कुशीवर वळताना चादरीचं टोक दातात धरते, आवाज काढत नाही. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) बारा ते तीनची उपासना फोनवर ऐकली, तेव्हाही तेच. आम्ही प्रोटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे (ते १९७० साली इथेच नागपुरात स्थापन झालं, हे ती डॉक्टरांनाही ऐकवते). मला धीर द्यायला येऊ नका. तिला तिच्याच पुस्तकातून काय सांगू, ते सांगा.

रिटायर्ड सिस्टर:
आधी डॉक्टरांना आजच कळवा की गोळ्या पोटात गेलेल्याच नाहीत. नाहीतर 'एवढ्याने भागत नाही' म्हणून ते डोस वाढवतील आणि त्या दिवशी आईंनी खरंच घेतली तर जड जाईल. दुसरं, पोट साफ होतं का ते विचारा. मॉर्फिनने हमखास घट्ट होतं. जुनी माणसं लाजेने ते बोलत नाहीत, वचन सांगतात.

धंतोलीचा जोसेफ:
ताई, त्याने का नाकारला ते मार्क लिहीत नाही. आणि योहान १९ मध्ये "मला तहान लागली आहे" म्हणून शेवटी त्याने आंब (आंबट द्राक्षारस) घेतलीच की. पण आईंसोबत गेथशेमानेत चला, येशूला अटक झाली त्या बागेत. त्याला पकडून देणाऱ्या यहूदाला ती बाग माहीत होती, येशू नेहमी तिथेच जायचा. त्या रात्रीही जागा बदलली नाही. किद्रोन ओहळापलीकडून मशाली येताना दिसल्या असणार. पाठीमागे जैतुनांचा डोंगर, तो ओलांडला की यहूदीयाचं रान. अंधारात निघून जाणं सोपं होतं. तो थांबला. 'स्वतः होऊन' म्हणतात ते हे. तरी त्याआधी, शिष्य झोपलेले असताना, तीनदा 'हा (दुःखाचा) प्याला टळो' म्हणाला. दुखण्याची हौस नव्हती त्याला. आईंसमोर अशी वाट कुठे होती? हा आजार त्यांनी निवडलेला नाही. आणि चारही शुभवर्तमानांत एकाही आजाऱ्याला त्याने 'सोस' म्हणून परत पाठवलेलं नाही.

सदरकर:
मी कॅथलिक, चालत असेल तर सांगतो. व्हॅटिकनने १९८० साली इच्छामरणावर निवेदन काढलं, त्यात याच प्रसंगाचं वचन आहे, मत्तय २७:३४. ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी व्हायचं म्हणून कोणी वेदनाशामक कमी घेतलं तर त्याचा मान राखलाय, पण ते सर्वांवर लादणं शहाणपणाचं नाही असंही म्हटलंय. त्यामुळे जोसेफभाऊंचं सगळं पटलं तरी आईंचा हट्ट मला चूक वाटत नाही. फक्त तो त्यांचाच आहे ना, की 'ख्रिस्ती बाईने रडू नये' हे कोणीतरी डोक्यात भरवलेलं, एवढं बघा.

मोहननगरवाली:
सिस्टर, हात जोडते. पोट पाच दिवस साफ नव्हतं! डॉक्टरांनी जुलाबाचं औषध दिलं, मॉर्फिनचा डोस कमी करून नव्याने सुरुवात केली.

मशालींचं वाचून दाखवलं. बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिली. मग, "रान किती दूर होतं तिथून?" मी म्हटलं, डोंगर चढला की पलीकडेच. "अन् तरी थांबला." डोळे पुसले, मला वाटलं आता काही घेत नाही ही. तर म्हणते, "दिवसा नको. दिवसा मले प्रार्थनेला डोकं लागते. रात्रीची दे." सदरकर, हट्ट तिचाच आहे, खात्री झाली. डॉक्टर म्हणाले, ठीक, रात्रीपासून तर रात्रीपासून.

काल दहाला घेतली, माझ्यासमोर जीभ उचलून दाखवली. सकाळी साडेसहाला जाग आली तर म्हणे, "शिष्यांसारखी झोपली वं मी."