वहिनी, वय ३१, स्तनाचा कॅन्सर, हर-टू २+. सोमवारी ऑपरेशन म्हणतात, त्याआधी काय करावं?

द्राक्षबाग

नमस्कार. वहिनी ३१ वर्षांच्या, घर तासगावजवळ. डाव्या स्तनात ३.२ सेंमीची गाठ, काखेतही एक लागते. बाळ १४ महिन्यांचं, अजून अंगावर पितं. त्यामुळे 'दूध साकळलंय' म्हणत दोन महिने शेकण्यात गेले. कोअर बायोप्सीचा रिपोर्ट असा: इन्व्हेजिव डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३, ईआर ०, पीआर ० (हे हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू २+ (गाठ वाढवणारं प्रथिन), केआय-६७ (पेशींच्या वाढीचा वेग) ६० टक्के. सर्जन म्हणाले, सोमवारी स्तन काढून टाकू, केमोचं मग बघू. वहिनींना दुसरं मूल हवं होतं, ते कुणाला विचारायचं तेच कळत नाही. पैशाचंही बघायचंय. आणि घरात रोज कुणीतरी नवा काढा घेऊन येतंय. आधी काय करावं?

पॅराफिन

ताई, सोमवारची तारीख पुढे ढकला. हा आजार गंभीर आहे, पण अपेंडिक्ससारखा रातोरात फुटणारा नाही. बायोप्सीपासून पहिल्या केमोपर्यंत तीन-चार आठवडे लागले तर चालतात. तीन महिने चालत नाहीत.

हर-टू २+ म्हणजे 'नक्की सांगता येत नाही'. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ आलं की त्याच तुकड्यावर फिश तपासणी (हर-टूचा जीन वाढलाय का ते बघणारी) करायची, साधारण आठवडा-दहा दिवसांत उत्तर येतं. फिश पॉझिटिव्ह आलं तर केमोबरोबर हर-टूवरचं औषध ट्रास्टुझुमॅब, जमल्यास पर्टुझुमॅबही. निगेटिव्ह आलं तर हा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह; मग औषधांत कार्बोप्लॅटिन येतं, परवडत असेल तर पेम्ब्रोलिझुमॅबची (इम्युनोथेरपी) चर्चा होते. पण गाठ दोन सेंमीच्या वर आणि काखेत गाठ असताना या दोन्ही प्रकारांत सहसा केमो आधी, ऑपरेशन नंतर. कारण साधं आहे: गाठ जागेवर असताना औषध दिलं तरच ते लागू पडतंय का ते दिसतं. ऑपरेशनच्या वेळी आजार उरलेला सापडला, तर पुढचं औषध बदलता येतं (ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिन, हर-टूमध्ये टी-डीएम१). आधीच काढून टाकलं की ही माहिती कायमची गेली. शिवाय गाठ लहान झाली तर स्तन वाचवण्याचा पर्यायही उघडतो.

ईआर ० यावर एकदा शंका घ्या. तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा, आणि काढल्यावर तासाभरात त्यात पडायला हवा. शनिवारी दुपारी बायोप्सी झाली आणि डबी मंगळवारी लॅबला पोचली, किंवा तुकडा नुसत्या सलाईनमध्ये गेला, तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. स्लाइडवर शेजारच्या निरोगी ग्रंथी असतात, त्या रंगल्यात का (इंटर्नल कंट्रोल) हे पॅथॉलॉजिस्टला विचारा. त्याही रंगल्या नसतील तर तपासणी पुन्हा.

लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा दुसरीकडे मत घ्यायचं तर ब्लॉकच लागतो. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

हिरकणी

मुलाचं आधी बोलते, कारण त्याची वेळ सगळ्यात कमी आहे. केमो सुरू झाली की स्त्रीबीजं गोठवण्याची संधी गेली. आयव्हीएफच्या डॉक्टरांना या आठवड्यात भेटा, फिशची वाट बघू नका. पाळीचा दुसरा दिवस येईपर्यंत थांबायची आता गरज नसते, कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात ('रँडम स्टार्ट'). १० ते १४ दिवसांत बीजं बाहेर. इस्ट्रोजेन फार चढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. लग्न झालेलं आहे म्हणून गर्भच गोठवला पाहिजे असं नाही, नुसती बीजंही ठेवता येतात. हे मात्र वहिनींनी ठरवायचं. सासू-सासऱ्यांच्या बैठकीत नको. हा खर्च खिशातूनच होतो, सरकारी योजनेत धरू नका.

दुसरा उपाय गोसेरेलिनचं इंजेक्शन, ३.६ मिग्रॅ, दर चार आठवड्यांनी, पहिल्या केमोच्या किमान एक आठवडा आधी. बीजाशय झोपवून ठेवलं की पाळी परत येण्याची शक्यता वाढते. पण हे बीजं गोठवण्याला पर्याय नाही, जोड आहे. गर्भनिरोधक गोळ्या बंद. कंडोम किंवा कॉपर-टी.

बाळाचं दूध आजपासून कमी करायला घ्या. एकदम तोडलं तर स्तन दगड होतो आणि ती गाठ कोणती, ही कोणती, कळेनासं होतं. दर दोन-तीन दिवसांनी एक वेळ कमी करा, वेळ कमी असेल तर डॉक्टर दूध आटवणारं कॅबरगोलिन लिहून देतात. १४ महिन्यांच्या बाळाला वरचं दूध, वरणभात, भाकरी कुस्करून, सगळं चालतं. पेट स्कॅन (शिरेत किरणोत्सारी औषध देऊन करतात तो) होईल त्या दिवशी बाळाला काही तास दुसऱ्याकडे द्या, मांडीवर घेऊ नका.

बीआरसीए तपासणी (आनुवंशिक दोष आहे का बघणारी; रक्त किंवा लाळ) विचारा. पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक रुग्णाला ती सुचवतात. निकालाला महिनाभर लागू शकतो, त्याच्यासाठी केमो थांबत नाही, पण ऑपरेशन एका बाजूचं की दोन्ही, हे त्यावर ठरतं. आणि वडिलांकडचाही इतिहास सांगा. लोक आई-मावशी-आजी मोजतात आणि आत्या विसरतात.

द्राक्षबाग

खूप आभार दोघांचे. केमोच्या आधी अजून काही तपासण्या? आणि काढ्यांचं काय?

ड्रिपस्टँड

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी (केमोचं डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब दोन्ही हृदयावर ताण देतात), हिपॅटायटिस बी, दातांची तपासणी. किडका दात केमोआधीच काढून टाका, नंतर रक्तपेशींचे काउंट पडलेले असताना कुणी हात लावणार नाही. गाठीत आणि काखेतल्या गाठीत क्लिप (खुणेचा बारीक धातूचा तुकडा) बसवायला सांगा. औषधाने गाठ विरली तर सर्जनला जागा सापडायला हवी ना. हा मुद्दा बरेचदा राहून जातो.

सोळा-अठरा वेळा सुई टोचायची तर केमो-पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) घ्या, डावीकडे आजार असला तर सहसा उजव्या बाजूला बसवतात. डॉक्सोरुबिसिन लाल असतं. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका. मात्र सुईच्या जागी जळजळ झाली तर तिथेच ओरडून नर्सला बोलवा. ते औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात. लांब वेणी असेल तर दहाव्या दिवसाच्या आत बारीक करून घ्या, गुंता हातात येण्यापेक्षा बरं.

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवशी तळाला जातात. १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्रीचे दोन असोत, थेट केमो चाललेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. आधी पॅरासिटामॉल देऊन 'सकाळी बघू' नको, ताप दबतो आणि संसर्ग आत चालूच राहतो. गाडी कोण चालवणार ते आजच ठरवून ठेवा.

काढे बंद, सगळेच. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याची रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली आहे, आणि केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात. लिव्हरचे आकडे वाढले की डोस पुढे ढकलला जातो. काढा आणणाऱ्या पाहुण्यांना 'डॉक्टरांनी लेखी बंद केलंय' एवढंच सांगा, वाद मिटतो. कच्चं धारोष्ण दूध नको. बागेतली द्राक्षं फवारणीसकट येतात, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याशिवाय नकोत.

पुरवठा_खिडकी

पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा माणूस) रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट द्या. मंजुरीआधी भरलेले पैसे परत मिळतील असं धरू नका. चौकशी १५५३८८.

अडतं कुठे? सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच असतं, किंवा आधारवर लग्नाआधीचं आडनाव. आजच कार्ड उघडून बघा, नाव नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज टाका. हॉस्पिटल निवडताना केमो, ऑपरेशन, रेडिएशन तिन्ही योजनेत तिथेच आहेत का ते विचारा. मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. मताला परळला जायचं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सूट, सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा शिक्का असलेला फॉर्म घेऊन स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते, सकाळी मुंबई.

हिरकणी

एक राहिलं. वहिनी गप्प आहेत म्हणता. त्यांच्या मागे फोनवर रिपोर्ट वाचू नका, पहिल्या भेटीला त्यांनाच खोलीत बसवा आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. झोप उडाली, जेवण तुटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि कुणी 'दूध पाजत होती म्हणून झालं' म्हणालं तर तिथल्या तिथे खोडून काढा. दूध पाजल्याने हा आजार होत नाही.

द्राक्षबाग

कार्ड बघितलं. नाव माहेरच्याच कार्डावर आहे, कवठेमहांकाळचं. उद्या दादा तहसीलला जातोय, मी वहिनींना घेऊन आयव्हीएफच्या डॉक्टरांकडे.